पडल्याले बसवा

जारेगुडा (ता. अहेरी),
१२ जुलै १९८६

प्रिय मुखरू,

सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड घुग्घुसहून इथे यायला अकरा दिवस लागले. बैलगाडीवर टाकलं असतंस तर दोन दिवस आधी मिळालं असतं. इथे टपाल एसटीने येतं आणि एसटी नाल्याला विचारून येते. शाळेचा शिपाई पोचू मला फाटकातूनच हात हलवून सांगतो, "चिठ्ठी नाई, गुरुजी." परवा त्याने हात हलवला नाही, तेव्हा वाटलं, कोणी गेलं की काय.

मी ठीक आहे. बदली झाल्यापासून संस्कृतला चार विद्यार्थी आहेत. त्यातले दोघे मोहफुलं वेचायच्या हंगामात गेले ते अजून यायचे आहेत. म्हणून भूगोलही शिकवतो. न पाहिलेल्या समुद्रांबद्दल मी फार अधिकाराने बोलतो. सुगंधाला जाऊन तीन वर्षं झाली, संसार आता एकट्याचा. घरी आल्यावर गळा बसू नये म्हणून दोन ओळी मोठ्याने म्हणतो आणि मग भात टाकतो.

आता तुझी खबर घेतो. म्हणे दर रविवारी तू सायकल काढतोस, गावोगावच्या कबड्डीच्या मैदानावर उभा राहतोस आणि "पडल्याले बसवा" म्हणून भाषण ठोकतोस. डोक्याला मार लागून जो पडला, त्याला परत खेळवू नका, असं. अरे, ज्या मुखरू भोयरला मैदानाबाहेर न्यायला चार माणसं लागत, तो आता दुसऱ्यांना बाहेर बसा म्हणतो! वाघाने गळ्यात माळ घालून गवताचे गुण सांगावेत, तसं झालं हे.

सदुसष्टची मूल गावची मंडई, त्या जत्रेतले सामने, विसरलास की काय? आपल्या चिचखेड्याचा संघ, मी मॅनेजर, आणि माझ्या खिशात कांदा. कोणी बेशुद्ध पडला की कांदा बुक्कीने फोडायचा, नाकाशी धरायचा, गड्याने डोळे उघडले की पाठीवर थाप आणि परत आत. संस्कृतात एम.ए. केलेल्या माणसाला तुम्ही लोक 'कांदेमास्तर' म्हणत होतात. अंतिम सामन्यात तू दोनदा पडलास, आणि दुसऱ्यांदा मला बाजूला ढकलून स्वतःहून मैदानात गेलास. एका चढाईत तीन गडी! ही गोष्ट मी तीस गावांत सांगितली असेल. आता तूच तिच्यावर पाणी ओतायला निघालास?

कमळाबाईंना जयभीम सांग.

तुझा,
गुणवंत खोब्रागडे


घुग्घुस,
३ ऑगस्ट १९८६

गुणवंत मास्तरांले मुखरूचा रामराम.

तुमी हासले, बरं केलं. इथी कोनी हासत नाई. सारे तोंड फिरवते.

आता खरं सांगतो. फागुनात मी खदानीतून सुटलो अन् घरी जाच्या जागी दुसऱ्याच्याच घरी गेलो. चप्पल काढली, खाटेवर बसलो, चहा मांगतला. बाई ओरडली. मी म्हनलो, "कमळे, काऊन ओरडून राह्यली?" ते कमळा नव्हती जी. तिच्या नवऱ्यानं मले गल्लीपर्यंत धरून नेलं. तवापासून लोकं म्हनते, मुखरू पेते. मी थेंब नाई घेत.

डोकं दुखते. ऊन सोसत नाई. एका हजेरीबाबूच्या कानाखाली वाजवली, काऊन वाजवली ते ध्यानात नाई. आता मले दिव्याच्या खोलीवर बसवलं. शिफ्टवाल्याले दिवे देतो, दिवे घेतो. दुसरं कोनी बोलत नाई.

कमळानं मले नागपूरले मेंदूच्या डाक्टरकडं नेलं. ते म्हने, डोक्याले मार बसून बसून हे झालं. एकदा मार बसला का मेंदूले आराम पायजे. तो सुधराच्या आधी दुसरा बसला का नुकसान दुप्पट. ते डाक्टर पैलवान, कबड्डीवाले, फुटबॉलवाले, साऱ्याचं लिहून घेऊन राह्यले. आपल्याकडं हे कोनी लिहूनच ठेवलं नाई म्हने. मी कागदावर सही देल्ली, का मी मेल्यावर माह्या डोक्याचा तपास करा. कमळा दोन दिवस जेवली नाई.

डाक्टरनं इचारलं, "किती वेळा शुद्ध हरपली?" मले सांगता येत नाई. ते माह्या डोक्यात नाई मास्तर, ते तुमच्या डोक्यात हाये. तुमी लिहून पाठवा.

आनखी एक. जानेवारीत राजुऱ्याले मोठे सामने हायेत. कमिटीचे अध्यक्ष वामनराव. मी त्याइले म्हनलो, असा नियम करा, जो शुद्ध हरपून पडला त्याले त्या दिवशी परत उतरवाचं नाई. वामनराव म्हनाले, "मुखरू, तू तं मास्तरले ढकलून सोताहून गेलता. गड्याची हिंमत असन तं आमी अडवनारे कोन?" आता याच्यावर मी काय बोलू? मी म्हनतो, मी मूर्ख होतो. मंग सारे हासते.

तुमचा,
मुखरू


जारेगुडा,
२८ ऑगस्ट १९८६

प्रिय मुखरू,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून दोन दिवस कोणाशी बोललो नाही. अर्थात एरवीही बोलत नाही, पण या वेळी ठरवून. तुझी चेष्टा केली, ती मागे घेतो. दारूचा आळ घेणाऱ्यांना सांग की चिचखेड्यात दारू न पिणारे दोनच होते, एक तू आणि एक मी, आणि माझ्याबद्दलही लोकांना खात्री नव्हती.

डॉक्टरांसाठी लिहितो, नीट उतरवून घे. एकूण सात वेळा. त्रेसष्टला ब्रह्मपुरीला एकदा, मैदानाच्या काठच्या बाभळीवर आदळलास. चौसष्टला सिंदेवाहीला दोनदा, एकाच दिवशी. पासष्टला गावात सराव करताना एकदा. आपल्या संघातल्या लटारूचं डोकं आणि तुझं. लटारूला टेंगूळ आलं आणि तुला झोप. सहासष्टला वडशाला एकदा. सदुसष्टला मूलला दोनदा. त्यानंतर तुला खदानीत नोकरी लागली, तिकडचं मला माहीत नाही. प्रत्येक वेळी कांदा मीच हुंगवला. चार वेळा तू उलटी केलीस. पित्त झालं असं आम्ही म्हणत असू.

लिहिताना लक्षात आलं की मला सगळं फार स्पष्ट आठवतं. बाभळीचे काटेसुद्धा.

राजुऱ्याचं म्हणशील तर वामनराव हा हट्टी माणूस. नियम आज ना उद्या होईल. मूलच्या सामन्याचं तो म्हणतो तसंच आहे; सगळ्या गावाला ठाऊक आहे. तेव्हा तू तरणा होतास, रक्त गरम होतं. त्याचं आता काय? तू मूर्ख होतास असं मात्र म्हणत जाऊ नकोस, ऐकायला बरं वाटत नाही.

इथे पाऊस थांबत नाही. वर्गाच्या छपराला जिथे भोक आहे, त्याच्या बरोबर खाली मी बसतो, म्हणजे मुलं कोरडी राहतात आणि मला जाग राहते.

तुझा,
गुणवंत


घुग्घुस,
२१ सप्टेंबर १९८६

गुणवंत मास्तरांले मुखरूचा रामराम.

एक नवी गोष्ट सांगाची हाये. कमळानं मले नागपूरले मेंदूच्या डाक्टरकडं नेलं. ते म्हने डोक्याले मार बसून हे झालं. ते साऱ्या खेळाडूंचं लिहून घेऊन राह्यले. मी सही देल्ली, मेल्यावर माह्या डोक्याचा तपास करा म्हनून. तुमी मले लिहून पाठवान का, किती वेळा मी पडलो ते?

कमळा आता बाजूले उभी राहून वाचून राह्यली. म्हनते, हे सारं मांगच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, मास्तरचं उत्तर बी आलं, यादी डाक्टरले देल्ली बी. असन. खोडत नाई. कागद वाया जाते.

पन दुसरी गोष्ट खरीच नवी हाये, तिले इचारून लिहून राह्यलो. मांगच्या आठवड्यात इथी आमच्या कामगार संघाचा सराव होता. बुधू मडावी म्हनून चोवीस वर्साचा गडी, लेकरू अजून पाळन्यात. पकडीत त्याच्या डोक्यावर गुडघा बसला. पडला. कोनी तरी कांदा आनला. उठला. मी आत धावलो, म्हनलो, "बसवा त्याले, बसवा!" बुधू हासला. म्हने, "मुखरूभाऊ, तुमी मूलले बसले होते का? तुमचं नाव घेऊन तं आमी कबड्डी शिकलो." अन् गेला. पुढच्या पकडीत पडला तो उठला नाई. नागपूरले नेला. आठ दिवस झाले, डोळे नाई उघडले.

त्याची बायको माह्या दारात आली. नुसती उभी होती.

मास्तर, मी जवानीत सोताहून उठलो नसतो तं बुधू बसला असता. मी एकटाच फिरतो अन् सांगतो, पन माह्याच गोष्टीनं माह्यी जीभ कापली. मले तो दिवस आठवत बी नाई. ज्याची आठवन नाई त्याची शिक्षा भोगून राह्यलो.

वामनरावनं निरोप धाडला, पौषात शेवटची बैठक हाये. आता मी काय सांगू त्याइले?

मुखरू


जारेगुडा,
९ ऑक्टोबर १९८६

मुखरू,

हे पत्र मी तीनदा लिहिलं. पहिल्या दोन्हींत विनोद होते. फाडली.

मूलच्या सामन्यात तू स्वतःहून उठला नाहीस.

दुसऱ्यांदा पडलास तेव्हा समोरच्या गड्याचा गुडघा तुझ्या कानशिलावर बसला होता. तुला रेघेबाहेर आणलं. मी कांदा फोडला. तू डोळे उघडून विचारलंस, "मास्तर, हे कोनतं गाव होय?" मी हसलो. तू पुन्हा तेच विचारलंस. मग माझा सदरा मुठीत धरलास आणि म्हणालास, "मास्तर, मले दोन दोन दिसून राह्यले. मले बसवा जी."

लटारू बदलीसाठी तयार उभा होता. त्याने ऐकलं. तो पुढेही आला. आपण दोन गुणांनी मागे होतो आणि लोक ओरडत होते. चिचखेड्याच्या कुणबी संघाला महारवाड्यातला मॅनेजर कशाला, असं ज्यांनी पंचायतीत विचारलं होतं, ते सगळे दोरीला खेटून उभे होते. मी हरून परत जाणार नव्हतो. हे कारण आहे. सबब म्हणून सांगत नाही. तुझं डोकं फुटत होतं आणि मी माझं वर ठेवण्याच्या खटपटीत होतो.

मी लटारूला हाताने मागे सारलं. तुझ्या कानाशी वाकून संस्कृतात काहीतरी बोललो. रणातून फिरणाऱ्याची आई लाजते, अशा अर्थाचं. तुला त्यातलं अक्षर कळलं नाही. मला कळत होतं. मग तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि ढकललं; दोरीपलीकडच्यांना ती नेहमीची थाप वाटली. तू मला नाही, मी तुला.

तीन गडी मारलेस हे खरं. परतीच्या बैलगाडीत तू चार वेळा विचारलंस, "जिंकलो का?" दुसऱ्या दिवशी तुला काहीच आठवत नव्हतं. "काय झालं होतं जी?" म्हणालास. तेव्हा मी ती गोष्ट रचली. तू ऐकून इतका खूश झालास की मग ती खरीच वाटायला लागली. तुझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाची आठवण तुला मी दिली आणि ती खोटी दिली. लटारू सहा वर्षांपूर्वी गेला. तो कधी बोलला नाही. आता जाणणारा मी एकटा.

सोबत वेगळ्या कागदावर हीच हकिकत सही-तारखेनिशी दिली आहे. एक प्रत डॉक्टरांना, एक वामनरावांना. त्यांना सांग, डोक्याला मार बसलेल्या गड्याची हिंमत विचारायची नसते. त्याला गाव विचारायचं. आणि गाव सांगितलं तरी त्याला बसवायचं, कारण बाहेर उभ्या असलेल्या माणसाला जिंकायचं असतं.

बुधूचं काय झालं ते कळव. कळवावंसं वाटलं तर.

गुणवंत


घुग्घुस,
१८ जानेवारी १९८७

गुणवंतभाऊंस कमळाचा नमस्कार.

तीन महिने तुमाले उत्तर नाई गेलं, त्याचं कारन मी. माह्यं लिहिनं चौथीपर्यंतचं, चुकलं तं समजून घ्या.

तुमची चिठ्ठी आली तवापासून हे रोज सकाळी वाचत. अन् रोज पयल्यांदाच वाचल्यावानी चिडत. एक दिवस चहाचा कप भिताडावर फेकला. एक दिवस रडले. एक दिवस म्हने, आत्ताच अहेरीची गाडी धरतो अन् मास्तरले इचारतो. बसस्टँडवर गेले, तिथी विसरले, बसून राह्यले. दुपारपर्यंत चिठ्ठी डोक्यातून जाते. पन राग नाई जात. काऊन आला ते माहीत नसते, मंग तो राग माह्यावर निंघते.

दिवाळीनंतर मी ते चिठ्ठी काढून ठेवली. आता शांत हायेत.

तुमचे दोन्ही कागद मी सोता पोचवले. डाक्टरनं वाचून माह्याकडं पाह्यलं अन् म्हनाले, असं लिहून देनारा पयलाच माणूस. राजुऱ्याच्या बैठकीत वामनरावनं तुमचा कागद उभं राहून वाचला. कोनी म्हने, हा खोब्रागडे मास्तर असा निंघाला. कोनी लई वाईट बोललं, तुमच्या जातीवरून बी, ते मी लिहीत नाई. पन नियम झाला. गेल्या आठवड्यात सामने झाले, दोन गड्यांले बसवलं. एकानं शिव्या देल्ल्या. बसला पन.

बुधू भिताडाले धरून उभा राह्यते. बोलनं अजून साफ नाई.

भाऊ, एक मांगनं हाये. तुमी तो विषय त्याइच्याजवळ आता नका काढू. ते विसरले, तं विसरू द्या. तुमी बी सुटले, ते बी सुटले.

कमळा भोयर


घुग्घुस,
२ फेब्रुवारी १९८७

गुणवंत मास्तरांले मुखरूचा रामराम.

काऊन जी, इतके दिवस चिठ्ठी नाई? पानी जास्त झालं का तिकडं? का संस्कृतवाले पोट्टे वाढले, अन् आता मुखरूची गरज नाई?

खुशखबर ऐका. राजुऱ्यात नियम झाला! पडल्याले बसवाचं म्हनून. वामनरावनं सोता माह्या हातात हात देल्ला. म्हने, कोनाचा तरी कागद आला होता, त्यानं काम झालं. कोनाचा ते कमळा सांगत नाई. म्हनते, देवमाणूस होता कोनी.

आता मी गोंडपिपरीकडं जातो म्हनलो. कमळा संगं येते, मी रस्ता चुकतो म्हनून. तिथी बी पोरांले तेच सांगनार. "पोट्टेहो, माह्यावानी नका करू. मूलले मास्तर मले बसवत होते, मीच मूर्ख, मास्तरले ढकलून गेलो. मास्तरचं ऐकलं असतं तं आज घर चुकलो नसतो." असं म्हनलं का पोरं चूप होते.

तुमी एवढे शहाणे मानूस संगं असून मी आयकलं नाई, याचंच वाईट वाटते. माफ करा मले.

चिठ्ठी लिहा. दिव्याच्या खोलीत दिवसभर कोनी बोलत नाई.

तुमचा,
मुखरू


जारेगुडा,
१३ फेब्रुवारी १९८७

कमळाबाईंस,

सप्रेम जयभीम.

मुखरूला येणारी पत्रं आता तुम्ही आधी वाचता, म्हणून तुमच्याच नावाने लिहितो.

तुमचं मागणं मी मान्य केलं होतं. खरं सांगायचं तर उड्या मारत मान्य केलं होतं. ज्याचा अपराध केला तोच विसरला आणि त्याच्या बायकोने वर गप्प राहायची विनंती केली, इतकी स्वस्त सुटका शास्त्रात कुठे सांगितलेली नाही. पंधरा दिवस मी चांगला झोपलो.

मग त्याचं पत्र आलं. तो माझी माफी मागतो आहे.

कमळाबाई, तो सुटलेला नाही. सुटलो फक्त मी. तो गावोगाव उभा राहून शंभर लोकांपुढे स्वतःला मूर्ख म्हणतो आणि मला शहाणा. ते वाक्य त्याच्या तोंडात मी घातलेलं आहे. त्या दिवशी मूलच्या मैदानावर हजार माणसं होती, आणि त्यातल्या ज्या एकाने 'बसवा' म्हटलं, तो तोच होता. हे त्याला ठाऊक नसावं, हे मला बघवत नाही. त्याला राग येतो तो तुमच्यावर निघतो, तेही खरं. म्हणून पत्र नको. राग ज्याचा आहे त्याच्यावर निघाला पाहिजे, आणि त्यासाठी मी समोर असायला हवा. पत्र लपवता येतं. मी जरा जड पडेन.

माझी महिनाभराची रजा शिल्लक आहे. घेऊन कुठे जायचं हे कळत नव्हतं म्हणून साठली. हे पत्र आधी पोचावं म्हणून दहा-बारा दिवस थांबून निघतो. पोचूला किल्ल्या सांभाळायला सांगितलं तर तो म्हणाला, "गुरुजी, परत येता ना?" या गावात मला कोणी प्रश्न विचारल्याचं हे पहिलंच.

दार उघडायचं की नाही हे तुमच्या हाती. उघडलंत तर सकाळी चहाच्या वेळी मी त्याच्यासमोर बसेन. तो विचारेल, "मास्तर, काऊन आले जी?" मी सांगेन. चिडेल, कप फेकेल, मला बाहेर काढेल. मी ओट्यावर बसेन. दुसऱ्या दिवशी तो दार उघडून पुन्हा विचारेल, "अरे मास्तर! काऊन आले जी?"

मी पुन्हा सांगेन.

आपला,
गुणवंत खोब्रागडे